धान्य की रोकड : डिलाईल रोडवरच्या संपांतील मदतीचा इतिहास

आपत्तीत सापडलेल्या माणसाला वस्तू द्याव्यात की पैसे द्यावेत, हा मदतकार्यातला जुना वाद अलीकडे ‘रोख व कूपन साहाय्य’ या नावाने नव्याने मांडला जातो. रोख साहाय्यात गरजूच्या हाती रक्कम दिली जाते आणि तिचे काय करायचे ते त्याच्यावर सोपवले जाते. कूपन साहाय्यात ठरावीक रकमेची अथवा ठरावीक मालाची चिठ्ठी दिली जाते व ती नेमून दिलेल्या दुकानातच वटते, त्यामुळे खरेदीदार तो असला तरी खरेदीची कुंपणे देणाऱ्याने घातलेली असतात. इस्तंबूल येथे २०१६ साली भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेच्या निमित्ताने मोठ्या देणगीदार देशांनी आणि मदतसंस्थांनी जो करार केला, त्यात रोख मदतीचा वाटा वाढवण्याचे वचन होते, आणि तेव्हापासून या विषयाला जणू एका नव्या शास्त्राचे रूप आले. मुंबईच्या गिरणगावात मात्र हा प्रश्न विसाव्या शतकात प्रत्येक दीर्घ संपाबरोबर पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि त्याची उत्तरे तेथील वाण्याच्या दुकानात, खानावळीत, चाळीच्या भाड्याच्या पावतीवर आणि पठाण सावकाराच्या वहीत शोधावी लागली. संप ही पूर किंवा भूकंपासारखी आपत्ती नव्हे, ती कामगारांनी जाणून पत्करलेली असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सहा महिने पगार नसलेल्या दीड लाख माणसांच्या चुली कशा पेटत्या ठेवायच्या, हे कोडे दोन्हीकडे सारखेच असते.

या इतिहासाचे एक केंद्र म्हणून डिलाईल रोडकडे पाहता येते. सात रस्त्यापासून लोअर परळकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या आजूबाजूस अपोलो, सीताराम, मथुरादास यांसारख्या गिरण्या होत्या, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजेच बीडीडीने, वरळी, नायगाव व शिवडीप्रमाणे येथेही सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभारल्या. डिलाईल रोडवरील अशा ३२ चाळींत तळमजला व त्यावर तीन मजले मिळून प्रत्येकी ८० खोल्या होत्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. त्या एका खोलीत एक कुटुंब व त्याच्या आधाराने राहणारे गाववाले किंवा केवळ पुरुषांचा एक अख्खा गाळा राहत असे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला हा कामगार शहरात मिळवत असे, पण त्याच्या मिळकतीवर गावाचाही हक्क असे, आणि दरमहा जाणारी मनीऑर्डर हे त्या हक्काचे दृश्य रूप होते.

या कुटुंबांचा जमाखर्च कसा होता, याचे चित्र मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१–२२ मध्ये केलेल्या आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळते. शहरातील कामगारवर्गाची २,४७३ कुटुंबे व ६०३ एकटे राहणारे पुरुष यांच्या खर्चाचे तपशील तीत गोळा केले होते. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपयांच्या आसपास होती आणि खर्चापैकी ५६.८ टक्के भाग अन्नावर जात होता. सुमारे ४७ टक्के कुटुंबे सावकाराच्या कर्जात होती, कर्जाची रक्कम साधारणतः अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकी होती आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५ असा होता. याच पाहणीतील एक निष्कर्ष पुढे बराच गाजला. मुंबईचा औद्योगिक कामगार जे धान्य खात होता, ते दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल शिध्याइतके होते. मात्र तुरुंगातील कैद्यांना नियमांनुसार मिळणाऱ्या शिध्यापेक्षा ते कमी भरत होते.

कामगाराच्या ताटाचे मोजमाप दुष्काळ संहितेच्या मापाने व्हावे यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास होता. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधील सरकारी कामांवर मजुरी किती द्यावी, यावरून मोठा संघर्ष झाला. व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीत कपात करून ती दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा या बेतावर आणली, तेव्हा १८७७ च्या आरंभी हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दुष्काळी कामावरचा हा असहकार म्हणजे मदत घेणाऱ्यांनीच मदतीच्या मापाविरुद्ध केलेला संप होता, आणि महाराष्ट्रातील संपांच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा दिली जाते. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांत मजुरी रोख द्यायची, परंतु तिची रक्कम धान्याच्या चालू बाजारभावाशी बांधायची, असे तत्त्व स्वीकारले गेले; भाव चढला की मजुरी चढे, भाव उतरला की उतरे. रोख रक्कम हा केवळ धान्य पोचवण्याचा सोयीचा मार्ग आहे, हे या तत्त्वाचे गृहीतक होते. माणसाला धान्याखेरीज काही लागते, त्याचे काही देणे असते, त्याला कोठे राहायचे असते, हे त्या हिशेबात बसत नव्हते. गिरणगावात नेमकी याच जागी अडचण आली.

गिरणीत पगार महिन्याचा असे आणि तोही महिना संपल्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे, त्यामुळे नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिला पगार दिसेपर्यंत दीड महिना उधारीवर काढावा लागे आणि ती उधारी पुढे सहसा फिटत नसे. वाण्याकडचे खाते हा या व्यवस्थेचा कणा होता. वाणी धान्य, तेल, रॉकेल देई, पुस्तकात नोंद करी आणि पगाराच्या दिवशी काही रक्कम वळती करून घेई; भाव तो म्हणेल तो असे, पण खाडे पडले, आजारपण आले तरी तो माल एकदम बंद करत नसे, कारण गिऱ्हाईक उठून गावी गेले तर मागची सारी बाकी बुडण्याची भीती त्यालाही असे. संपाच्या पहिल्या महिन्यात गिरणगाव जगले ते मुख्यतः या खात्यावर. त्या अर्थाने वाण्याचे पुस्तक हे संपकऱ्याचे पहिले कूपन होते, फक्त ते पुढच्या पगारातून व्याजासह वटवले जात असे.

बोनसच्या प्रश्नावरून १९२४ च्या आरंभी झालेला संप सुमारे दोन महिने चालला आणि कामगार रिकाम्या हाती परतले. त्या उधारीचे ओझे उतरायच्या आत १९२५ साली गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि १५ सप्टेंबरपासून सुमारे दीड लाख कामगारांचा संप सुरू झाला. कामगारांची भक्कम अशी एक युनियन तेव्हा नव्हती. मदतीचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत नारायण मल्हार जोशी प्रमुख होते. भारत सेवक समाजाचे सदस्य असलेल्या जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती आणि तिच्यामार्फत परळ-लालबागच्या कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये व सहकारी पतसंस्था चालत होत्या, तेव्हा कामगाराच्या कर्जाचे स्वरूप त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले होते आणि त्या ओळखींचा उपयोग आता झाला. इंग्लंड व युरोपातील कामगार संघटनांकडून या संपासाठी पैसे आले. परदेशातून आले ते पैसे, गिरणगावात वाटले गेले ते धान्य. हे रूपांतर त्या काळी इतके स्वाभाविक मानले गेले की त्याची कारणे सांगण्याची गरज फारशी कोणास वाटलेली दिसत नाही. दसरा आणि दिवाळी संपातच गेली. सरकारने सुती मालावरील साडेतीन टक्के अबकारी कर १ डिसेंबर रोजी स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. लगेच जानेवारी १९२६ मध्ये जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली, आणि मदतवाटपाच्या निमित्ताने जुळलेले संबंध हे तिच्या मागचे एक भांडवल होते.

१९२८ चा संप याहून फार मोठा ठरला. एप्रिलच्या मध्याला काही गिरण्यांत तो सुरू झाला, महिनाअखेरीस जवळजवळ सर्व गिरण्या बंद झाल्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या बंद राहिल्या. दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस या संपात गेले. एका कामगाराने पूर्वीपेक्षा अधिक साचे किंवा अधिक चात्या सांभाळाव्यात, ही मालकांची योजना आणि विणकरांच्या दरांतील कपात ही त्याची मूळ कारणे होती. जोशी व र. रा. बखले यांच्यासारखे मवाळ, अ. अ. आळवे व ग. रा. कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतून आलेले पुढारी आणि श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, शां. स. मिरजकर, बेन ब्रॅडली हे कम्युनिस्ट, अशा एरवी एकमेकांवर विश्वास नसलेल्या मंडळींची संयुक्त संप समिती मे महिन्यात स्थापन झाली. मदतनिधीत देशातील वर्गणीबरोबरच मॉस्कोहून, सोव्हिएत कापड कामगारांच्या संघटनेकडून, पैसे आले आणि त्यामुळे हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याला मोठी चिंता लागली. भुकेल्या संपकऱ्याच्या पोटात जाणाऱ्या तांदळाचा रंग तांबडा आहे काय, हा प्रश्न मग दिल्ली-सिमल्याच्या फायलींत फिरू लागला, आणि १९२९ मध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर सुरू झालेल्या मीरत कटाच्या खटल्यात या रकमा पुराव्याचा भाग झाल्या.

निधी किती अपुरा होता, याची कल्पना साध्या गणिताने येते. दीड लाख कामगारांना आठवड्याला केवळ एक रुपया द्यायचा म्हटले तरी चोवीस आठवड्यांचे ३६ लाख रुपये होतात; समितीला मिळालेला पैसा या रकमेच्या जवळपासही नव्हता. सर्वांना पुरेल इतके देणे शक्य नसल्याने कोणाला द्यायचे, हा निवडीचा प्रश्न आला, आणि धान्याने तो काहीसा सोपा केला. रोख पैसे वाटायचे ठरले तर रांगेत प्रत्येक जण उभा राहील, ज्याच्या घरी अजून दाणा आहे तोही आणि ज्याच्या घरी नाही तोही. तांदूळ-डाळीच्या शिध्यासाठी तासन् तास उभा राहणारा माणूस बहुधा खरोखरच अडलेला असतो, असा हिशेब वाटप करणाऱ्यांच्या मनात सर्वत्र असतो. दुसरे कारण घाऊक खरेदीचे होते. दाणाबंदरातून पोत्यांनी घेतलेले धान्य चाळीखालच्या दुकानात पायलीने घेतलेल्या धान्यापेक्षा स्वस्त पडे, म्हणून समितीचा रुपया कामगाराच्या रुपयापेक्षा लांब पल्ल्याचा होता. तिसरे कारण उघडपणे बोलले जात नसे, ते हिशेबाचे. परस्परांवर बारीक नजर ठेवून असलेल्या गटांच्या समितीला आणि परदेशस्थ देणगीदारांना दाखवायला धान्याच्या पोत्याची पावती असते, पण माणसाच्या हातात ठेवलेल्या रुपयाची गोष्ट तेथेच संपते. आजच्या मदतसंस्था रोख मदतीविरुद्ध जे आक्षेप ऐकतात, पैसा दारूत जाईल, बनावट माणसे उभी राहतील, हिशेब राहणार नाही, त्यांतले शेवटचे दोन या १९२८ च्या परिस्थितीतही दडलेले होते.

याहून महत्त्वाचे कारण मात्र घेणाऱ्याच्या बाजूचे होते आणि गिरणगावाबाहेरच्या माणसाला ते सहज सुचत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती रोख पैसा फार वेळ राहत नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार हे मुंबईतले इतके परिचित दृश्य होते की व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात, वसुलीसाठी कारखान्याभोवती असा वेढा घालणे हा फौजदारी गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. संपाच्या काळात दरवाजा बंद असला तरी चाळीचा जिना उघडा होता, आणि रोख मदत वाटली गेल्याची बातमी सावकारापर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरेशी होती. चार शेर तांदूळ पठाण उचलून नेत नसे. या अर्थाने धान्य ही कर्जदाराच्या कुटुंबासाठी संरक्षित मालमत्ता होती, आणि अन्न शिजवणाऱ्या बाईच्या दृष्टीने तर तिचे आणखी एक मोल होते, कारण रुपया घरात नवऱ्याच्या खिशातून येई, तर शिधा थेट डब्यात पडे.

परंतु ज्या पाहणीने अन्नाचा वाटा ५६.८ टक्के सांगितला तिच्याच हिशेबाने उरलेले ४३ टक्के अन्नेतर होते. भाडे, सरपण, कपडा, औषध आणि गावचे पैसे यांपैकी कशालाही धान्याची पिशवी लागू पडत नव्हती. ज्याला भाडे भरण्यावाचून गत्यंतर नाही त्याला मिळालेल्या तांदळातला काही भाग पडत्या भावाने विकावा लागतो, आणि तेव्हा वस्तुरूप मदतीचा खरा तोटा उघड होतो. देणाऱ्याने एका रुपयाला घेतलेली वस्तू घेणाऱ्याकडे बारा आण्यांची होते. गावच्या मनीऑर्डरीचे काय होत असे? बहुतेकांनी तो प्रश्न स्वतः गावी जाऊन सोडवला. संप एप्रिलअखेर पूर्ण झाला तेव्हा कोकणच्या आगबोटी चालू होत्या आणि पेरणी तोंडावर होती. पावसाळ्यात बोटी बंद होण्यापूर्वी हजारो कामगार रत्नागिरीकडे निघून गेले, घाटावरचे रेल्वेने गेले, आणि शहरात मदतीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांची संख्या तेवढी कमी झाली. १९२८ चा संप सहा महिने टिकला याचे श्रेय पुढाऱ्यांच्या भाषणांना आणि मॉस्कोच्या पैशांना देण्यात येते, पण देशावरच्या आणि कोकणातल्या त्या तुटपुंज्या शेताने दिलेले साहाय्य कोणत्याच हिशेबवहीत नोंदले गेले नाही. संप मिटला तो न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांची चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर. दरम्यान, नोंदणीच्या वेळी जेमतेम ३२४ सभासद असलेली, आळवे-डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन वर्षअखेरीस ५४ हजारांवर पोचली होती. मार्च १९२९ मध्ये तिचे प्रमुख पुढारी मीरत खटल्यासाठी पकडले गेले आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप फसला. मागच्या वर्षीची उधारी डोक्यावर असताना वाण्याने पुन्हा तितकेच लांब खाते चालवावे, ही अपेक्षा तरी कोणी करावी!

चिठ्ठीला सरकारी रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि ए. डी. गोरवाला यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली ही व्यवस्था त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मरत असताना मुंबईत धान्याचे भाव व पुरवठा आटोक्यात ठेवू शकली. शिधापत्रिका आणि मदतीचे कूपन यांत एक मूलभूत फरक आहे, तो पुढच्या घटनांच्या संदर्भात ध्यानात ठेवावा लागतो. कूपनात किंमत भरलेली असते. शिधापत्रिका फक्त ठरल्या भावाने विकत घेण्याचा हक्क देते आणि किंमत धारकाने आपल्या खिशातून भरायची असते. पगार चालू आहे तोवर हा हक्क मोलाचा, पगार थांबला की तो कागद. बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली जे प्रतिपादन केले, की उपासमार अन्न नसल्यामुळे होते त्यापेक्षा अन्नावर हक्क सांगण्याची कुवत गेल्यामुळे अधिक वेळा होते, ते डिलाईल रोडवरच्या बंद पडलेल्या वाण्याच्या खात्याला तंतोतंत लागू पडते.

सेन यांच्याच विचाराचा धागा पुढे नेत ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्रातील १९७०–७३ च्या अवर्षणाचा अभ्यास केला, आणि रोख मदतीच्या बाजूने आजही दिला जाणारा कदाचित सर्वांत भक्कम दाखला त्यांना येथेच सापडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यांना सुकडी मिळत असे, रेशनवर परदेशी तांबडा मिलो मिळत असे, त्याबद्दलच्या तक्रारी अजून जुन्या माणसांच्या तोंडून ऐकू येतात. पण कामावरची मजुरी मुख्यतः रोख होती, आणि तिने लोकांच्या हाती क्रयशक्ती दिल्यामुळे खाजगी व्यापारामार्फतही धान्य दुष्काळी तालुक्यांकडे वाहत गेले. सातारा-सांगलीच्या ज्या गावांतून लोक गिरणीत येत, त्याच गावांत ही कामे चालू होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला या अनुभवाने बळ दिले आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप आले. खेड्यात रोख चालली याचे कारण तेथे मोठ्या संख्येने लोक एकाच वेळी मजुरी कमावत होते आणि बाजार उघडा होता; संपकाळातल्या गिरणगावात कमाई शून्य होती आणि रोख रकमेवर वाट पाहत बसलेले धनको अनेक होते. दोन ठिकाणची उत्तरे वेगळी आली, यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

गिरणगावाच्या मदतव्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे खानावळ. एकट्या राहणाऱ्या कामगाराला महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बाया बहुधा कामगारांच्याच बायका किंवा विधवा होत्या. गिरण्यांतील आधुनिकीकरणाने आणि छाटणीने बायकांचे वाइंडिंग व रीळखात्यातले काम कमी होत गेले, तसतसा हा धंदा वाढला. खानावळवाली वाण्याकडून उधारीवर धान्य घेई, जेवणाऱ्यांना उधारीवर जेवू घाली आणि पगाराच्या दिवशी दोन्ही खाती मिटवी. संपात जेवणाऱ्यांचे पैसे थांबत, पण ताट थांबवणे तिला जमत नसे, कारण पंगतीला बसणारा माणूस नवऱ्याच्या खात्यातला, गावचा, नात्यातला असे. परिणामी संपाचा मोठा भार पुरुषांच्या कोणत्याही समितीने न नेमलेल्या या बायकांनी वाहिला, तोही गळ्यातले डोरले सावकाराकडे ठेवून. १९७४ च्या आरंभीच्या ४२ दिवसांच्या संपात हे चित्र पुन्हा दिसले आणि त्यातूनच कम्युनिस्ट चळवळीत घडलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाने खानावळवाल्यांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. बँकेने तारण मागितले तर दाखवायला या बायकांकडे काही नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण मानले गेले, आणि बहुतेक हप्ते वेळेवर भरले गेले. रोकड थेट बाईच्या हाती, तिच्या नावावर आणि तिच्या धंद्यासाठी येण्याचा गिरणगावातला हा पहिला मोठा प्रसंग होता. ते कर्ज होते, मदत नव्हती, आणि त्या बायकांनी तसा भेद आवर्जून केला असता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा हा सारा जुना संच पुन्हा कामाला लागला, पण तो मोडकळीस आलेला होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच प्रातिनिधिक युनियनचा दर्जा असल्यामुळे सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनशी वाटाघाटी करण्यास मालक व सरकार दोघेही तयार नव्हते, आणि संप जितका लांबला तितका तो पैशाअभावी कामगाराच्या घरात घुसला. युनियनने या वेळीही धान्यच वाटले. इंजिनिअरिंग कारखान्यांतील सामंतांच्या युनियनांनी वर्गण्या दिल्या, पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतून शेतकऱ्यांनी ज्वारी-गहू पाठवला, लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण भागातून पाठिंबा उभा केला. अडीच लाख कुटुंबांच्या गरजेसमोर हे सगळे मिळून एक सद्भावनेचे प्रतीक होते. प्रत्येक घरात शिधापत्रिका होती, रेशनच्या दुकानात तांदूळ आणि साखर होती, आणि ती उचलायला लागणारे थोडेसे पैसे मात्र नव्हते.

डिलाईल रोडच्या चाळींतून तेव्हा आधी भांडी गेली, मग दागिने, मग माणसे गावाकडे गेली. १९२८ मध्ये सहा महिने तग धरायला पुरलेले कोकणातले शेत आता वाटण्यांनी आणखी बारीक झाले होते, आणि अठरा महिने कोणत्याही शेताला पेलणारे नव्हते. खानावळींचे जेवणारे गेले म्हणून अनेक खानावळी बसल्या. वाण्यांनी खाती बंद केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ज्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजेल अशी खात्री राहिलेली नाही तिच्या पगारावर उधार देणे हा व्यापार उरत नाही. संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. १९८३ मध्ये तो विरत गेला. अनेकांनी त्या काळात राजीनामे देऊन आपला भविष्यनिर्वाह निधी उचलला. आयुष्यभर पगारातून कापली गेलेली ही रक्कम त्या संपात कामगाराच्या हाती पडलेली सर्वांत मोठी रोकड ठरली. कोणत्याही समितीची, देशाची वा युनियनची ती मदत नव्हती. तिच्यातून प्रथम वाण्याची बाकी वळती झाली, मग सावकाराची, मग तुंबलेले भाडे भरले गेले, आणि उरलेल्या पैशांतून एस. टी.चे तिकीट निघाले.